रडायलाही सोबत लागते

19 नोव्हेंबर 2023 ला आपण वर्ल्ड कप हरलो, तेव्हा गावात मारुतीच्या पारापुढं पडदा लावला होता. मॅच संपली तरी कोणी उठेना. पण दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर, एसटीत, कृषी केंद्रात, जो तो त्याच दुःखाचा. वाटून घेतलं की हलकं होते.

माझं खरं दुखणं वेगळं. मी विदर्भाच्या रणजी टीमचा माणूस. हे सांगितलं की पोट्टे हसतात, "रणजी कोण पाहते बे?"

पाहायला मिळतच कुठं होतं म्हणा. डिसेंबर 2017, ईडन गार्डन्स, सेमीफायनल, समोर कर्नाटक. त्या साली गुलाबी बोंडअळीनं पऱ्हाटी खाल्ली होती. बोंड फोडलं की आत सडकी सरकी न् वळवळणारी अळी. शेवटच्या दिवशी कर्नाटकाला 87 धावा हव्या, तीन विकेट बाकी. आमच्या वावरात रेंज फक्त विहिरीच्या कठड्यावर, तीही उभं राहिलं तरच. मोबाईलवर चाक फिरत राही न् स्कोअर उघडला की दोन-चार धावा वाढलेल्या.

माय धुऱ्यावरून धावत आली. "काहून चढला रे तिथं?"

मी हातानंच थांब म्हटलं. आमच्या गुरबानीनं त्याची सातवी न् कर्नाटकाची शेवटची विकेट घेतली, पाच धावांनी जिंकलो, मी बोंबललो. मायनं आधी माझा हात धरून मला खाली ओढलं. मग विचारलं, "कोण जिंकलं?"

बोंडअळीच्या साली कापूसवाल्याचं पोरगं विहिरीवर उभं दिसलं तर मायच्या डोक्यात काय येत असेल, हे मला रात्री जेवताना समजलं. 1 जानेवारीला इंदूरात दिल्लीला हरवून पहिली रणजी घेतली, तेव्हा मी घरीच बसून होतो.

जिंकल्याची नशा दोन दिवसांत उतरते, हरल्याचं वर्षभर पुरते. मार्च 2024, वानखेडे, फायनल. मुंबईनं 538 चं लक्ष्य दिलेलं. पाचव्या दिवशी जेवणापर्यंत 333 ला 5! मी ग्रुपवर टाकलं, "होऊन जाते." मग शेवटच्या पाच विकेट 15 धावांत. आमच्या कॅप्टन अक्षय वाडकरच्या त्या 102 चं दुःख सांगू कोणाले? पानठेल्यावर आयपीएल सुरू व्हायची वाट पाहत होते सगळे.

आणि आमची निष्ठा तरी काय! 2017 च्या त्याच मॅचमध्ये कर्नाटकाकडून 153 काढणाऱ्या करुण नायरला मी शिव्या घातल्या होत्या. 2025 च्या फायनलमध्ये त्यानं विदर्भाकडून केरळविरुद्ध 135 काढले, तर मी पेढे वाटले.

त्याआधी सेमीफायनलला मुंबईला 80 धावांनी हाणलं. आता वावरात कुठंही रेंज येते, तरी सवयीनं मी विहिरीकडे निघालो. माय तुरीच्या कुटारातून मान वर न करता म्हणाली, "खाली बसून पाह्य."

बसलो.