गाडी बदलायची वेळ गॅरेजच्या बिलावरून ठरत नाही

गेल्या आठवड्यात गॅरेजमधून खर्चाचा अंदाज आला. क्लच प्लेट, पुढचे दोन्ही शॉकअप, सस्पेन्शनचे बुश (सांध्यांमधले रबर). दादाला फोनवर आकडा सांगितला, तर तो म्हणाला, "अगं, एवढ्यात तुझी अर्धी गाडी येईल! किती दिवस ओढणार आहेस? काढून टाक आता."

गाडी १६ वर्षांची आहे. २ लाख १२ हजार किलोमीटर झालेत. दादा काळजीपोटीच बोलतो, पण 'गाडीच्या किमतीच्या निम्मा खर्च आला की गाडी विकायची' हा जो हिशोब सगळेच तोंडपाठ म्हणतात, तो मला मुळीच पटत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

बाजारात माझ्या गाडीला काय येईल, हा आकडा मी ती विकायला काढली तरच कामाचा. मला ती वापरायची आहे. मग बघायचं एवढंच की पुढचं वर्षभर ही गाडी नीट चालती ठेवायला किती लागेल आणि हिच्या जागी दुसरी आणली तर त्याच वर्षभरात किती जाईल. दुसरीच्या खात्यात हप्ते येतात, त्यातलं व्याज येतं, वाढीव विमा येतो आणि सगळ्यात मोठी गोष्ट, तिची उतरणारी किंमत येते. नव्या गाडीची किंमत सर्वांत झपाट्याने पडते ती पहिल्या काही वर्षांतच. पण त्या घसरणीचं बिल कुणी आपल्या हातात ठेवत नाही, त्यामुळे ती कळतसुद्धा नाही. गॅरेजचं बिल हातात येतं आणि ते टोचतं.

माझ्या डॅशबोर्डच्या कप्प्यात एक वही आहे. तारीख, किलोमीटर, काय काम केलं, किती गेले. परवा रात्री बसून गेल्या सात वर्षांची बेरीज केली. दोन वर्षं जड गेली होती. बाकीच्या वर्षांत ऑइल, फिल्टर, ब्रेक पॅड आणि एकदा बॅटरी, संपलं. आपल्या लक्षात मात्र ती दोन जड वर्षंच राहतात. शिवाय माणूस गाडी विकतो ती बहुतेक वेळा जड वर्षाच्या शेवटी, वैतागून. म्हणजे क्लच आपण बदलायचा आणि तो पुढची कित्येक वर्षं दुसऱ्याने वापरायचा!

याची उलट बाजूही आहे. 'आता एवढे घातलेत, तर अजून थोडे घालू' हे म्हणणंही तितकंच चुकीचं. घातलेले पैसे गेले. ते गाडी ठेवण्याचं कारण होऊ शकत नाहीत.

बिलाचा आकडा बघण्याआधी बिल कशाचं आहे ते बघा, असं माझं कळकळीचं सांगणं आहे. क्लच, शॉकअप, बुश, व्हील बेअरिंग, टायमिंग बेल्ट या झिजायच्याच वस्तू आहेत. त्या झिजल्या म्हणून गाडी म्हातारी झाली असं होत नाही. टायमिंग बेल्टचं, म्हणजे इंजिनातले पिस्टन आणि व्हॉल्व्ह एका तालात ठेवणाऱ्या रबरी पट्ट्याचं, तर नक्की लक्षात ठेवा. तो किलोमीटरवर जसा जातो तसा वयावरही जातो, कारण रबर उभ्या गाडीतही कडक होतं. बऱ्याच इंजिनांत तो तुटला की पिस्टन जाऊन व्हॉल्व्हवर आदळतात आणि बेल्टचं काम इंजिन खोलण्यावर जातं. कंपनीने दिलेली मुदत पाळली तर हा सगळा प्रसंग टळतो.

काही लक्षणं मात्र वेगळी असतात, ती साध्या झिजेची नसून मोठ्या बिघाडाची असू शकतात. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसणं (सतत जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीत ती नुसत्या ओलाव्यानेही येते, म्हणून लगेच घाबरू नका), कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) कुठेही न गळता कमी होत राहणं, सायलेन्सरमधून सतत निळसर धूर येणं. वायरिंगमधला दोष दर वेळी नव्या ठिकाणी उगवत असेल, तर ते सगळ्यात वैताग देणारं. अशा वेळी दुसऱ्या माणसाचं मत घ्याच. मला हे अनुभवाने कळलंय. चार वर्षांपूर्वी गाडी तापायला लागली. जिथे दाखवली तिथे बॉनेट उघडून पाच मिनिटांत निदान झालं, "हेड गेलं, इंजिन काम निघेल. त्यापेक्षा विकून टाका." मी तयारही झाले होते. दुसऱ्या मेकॅनिकने गाडी चालू करून नुसती उभी ठेवली. काटा चढत होता आणि त्याने रेडिएटरला हात लावला तर तो जवळपास थंड. थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला होता. त्यात मेणाची एक कुपी असते, कूलंट साधारण ८० ते ९० अंशांवर गेलं की मेण वितळून फुगतं आणि रेडिएटरकडची वाट उघडते. ती वाटच उघडत नव्हती. मुठीत मावेल एवढा तो भाग बदलला, तासाभरात गाडी दारात. त्यानंतर ती ५० हजारांहून जास्त किलोमीटर चाललीय.

गंजापुढे मात्र माझं काही चालत नाही. आमची आधीची गाडी मी अशीच हौसेने सांभाळली होती. इंजिन घड्याळासारखं. एकदा लिफ्टवर चढवली असताना मेकॅनिकने दारांखालच्या पट्टीवर स्क्रू ड्रायव्हर टेकवून जरा दाबला आणि तो मुठीपर्यंत आत गेला. वरून रंग शाबूत आणि आत तपकिरी पापुद्रे, बिस्किटासारखे चुरा होऊन खाली पडले. आजच्या बहुतेक मोटारींना वेगळी चॅसी नसते, बॉडी हाच सांगाडा असतो. तो कुजला की धडकेत आतल्या माणसांना वाचवायला काही उरत नाही. त्या दिवशी मी गाडी भंगारात काढली. त्या महिन्यात गॅरेजचा खर्च शून्य होता.

कुणी गाडीच्या 'आयुष्या'बद्दल विचारलं की मला अमेरिकेतले विज्ञानशिक्षक अर्व गॉर्डन आठवतात. १९६६ मध्ये घेतलेल्या व्होल्वो पी १८०० वर त्यांनी २०१३ पर्यंत ३० लाख मैल पूर्ण केले, म्हणजे सुमारे ४८ लाख किलोमीटर. यंत्र सांभाळलं तर कुठवर जातं याचं हे टोक.

पण यंत्र चालतंय म्हणून ते सुरक्षित आहे असं नाही आणि जुनी गाडी ठेवण्यात मला खरी बोच आहे ती इथे. २००९ मध्ये अमेरिकेतल्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी या संस्थेने १९५९ ची शेवरले बेल एअर आणि २००९ ची शेवरले मालिबू ताशी ६४ किलोमीटरने समोरासमोर धडकवल्या. जुन्या अवजड गाडीकडे बघून वाटतं, ही कशाला वाकतेय. प्रत्यक्षात तिची केबिन ड्रायव्हरच्या अंगावर चेपली गेली आणि मालिबूची जवळपास जशीच्या तशी राहिली. माझ्या गाडीत आणि नव्या गाडीत ५० वर्षांचं अंतर नाही, हे खरं. एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) आहे, पुढे दोन एअरबॅग आहेत. पण बाजूच्या एअरबॅग नाहीत आणि गाडी घसरायला लागली की एकेका चाकाला स्वतःहून ब्रेक लावून ती सावरणारी स्टॅबिलिटी कंट्रोलची यंत्रणा नाही. ती १९९५ पासून मोटारींत यायला लागली, माझ्या मॉडेलमध्ये दिलीच नव्हती. ती नंतर बसवून घेता येत नाही.

माझी लेक दोन वर्षांनी गाडी शिकेल. नवखा हात आणि ओला रस्ता, तेव्हा तिच्या हातात ही गाडी मी देणार नाही. म्हणजे गाडी कधी बदलायची याचं उत्तर माझ्याकडे आहे आणि त्याचा क्लचशी काहीही संबंध नाही. तोवर हप्त्याएवढी रक्कम दर महिन्याला वेगळी टाकतेय. जड वर्ष आलं तर त्यातून, नाही आलं तर पुढच्या गाडीला.

दादाला हेच सांगितलं. तो म्हणाला, "आणि मध्येच रस्त्यात बंद पडली तर?" प्रश्न रास्त आहे. सात वर्षांत ती मला रस्त्यात एकदाच उभी करून गेली, बॅटरी संपली होती तेव्हा. रात्री लांबच्या रस्त्याला निघताना मनात धाकधूक व्हायला लागली तर मी दोन वर्षंही थांबणार नाही.

बुधवारी गाडी गॅरेजला टाकतेय. बुश बदलताना चाकं उतरलेलीच असतील, तेव्हा सस्पेन्शन बॉडीला जिथे बसतं तिथला पत्रा स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघायला सांगितलंय, क्लचला हात लावायच्या आधी. तिथे तो आत गेला, तर काम थांबवून मला फोन करा, असंही सांगून ठेवलंय.