एम थ्री म्हणजे मामा

आमच्या उद्यमनगरातल्या शेडमध्ये एक मिलिंग मशीन आहे, ती माझ्यापेक्षा वयानं मोठी आहे. चार वर्षांपूर्वी तिला स्टेपर मोटारी आणि बॉलस्क्रू बसवून सीएनसी केली. एक्स, वाय (आडव्या) आणि झेड (वर-खाली) तिन्ही हालचाली कॉम्प्युटरवर. पैसे तिथंच संपले त्यामुळं स्पिंडल, म्हणजे कटर फिरवणारा दांडा, तेवढा राहिला, तो जुन्या स्टार्टरवरच, हिरवं बटण दाबलं की चालू, लाल दाबलं की बंद. आता प्रोग्राममध्ये एम थ्री हा हुकूम आला की स्पिंडल आपोआप फिरायला पाहिजे, पण आमच्याकडं एम थ्री आला की मशीनवरचं पोरगं ओरडायचं, "मामा, एम थ्री!" आणि मामा उठून हिरवं बटण दाबायचे. बाहेर मी "फुल्ली ऑटोमॅटिक" सांगून बसलेलो, त्यामुळं गिऱ्हाईक शेडमध्ये आलं की मामा स्टार्टरजवळ सहज उभारल्यासारखं उभारायचे.

असं बरेच दिवस चाललं. मग एकदा मामा तंबाखू मळत होते, दोन्ही हात गुंतलेले, आणि मशीन कुणासाठी थांबतीय होय. न फिरणारा १२ एमएमचा कार्बाइड एंडमिल जॉबमध्ये घुसला आणि "टक्" असा आवाज आला. एवढाच. नवंकोरं कटर गेलं तर निदान आवाज तरी जरा मोठा यावा की नाही.

मामा म्हणाले, "मालक, माझी काय चूक न्हाई. एम थ्री तंबाखू मळत हुता."

मग व्हीएफडी, म्हणजे मोटारीचं स्पीड कमीजास्त करणारा डबा, घ्यायचं ठरलं, आमच्याकडं त्याला नुसतं ड्राइव्ह म्हणतात. कागदावर सगळं सोपं. कॉम्प्युटरच्या कंट्रोल बोर्डाकडनं ड्राइव्हला शून्य ते दहा व्होल्ट द्यायचे, दहा व्होल्ट म्हणजे ५० हर्ट्झ म्हणजे आमची मोटार १४४० आरपीएमनं फिरणार, पाच दिले की निम्म्यानं, आणि चालू-बंदला एक रिले. विकणारा म्हणाला अर्ध्या तासाचं काम आहे साहेब. (अर्धा तास त्याचं बिल करण्यातच गेला.)

वायरमन दादा आले, जोडणी केली, चालू केलं, तर स्पिंडल उलटा. कटर कापायचं सोडून नुसतं घासतंय, धूर निघतोय. दादा हसले, "फेज पलटी मारू की, दोन मिन्टाचं काम." आणि त्यांनी मेन बंद करून येणाऱ्या लाइनीच्या दोन वायरी पलटल्या. उलटंच. दुसऱ्या दोन पलटल्या. तरी उलटंच. अख्ख्या हयातीत फेज बदलून मोटार सुलटी झाली नाही असं त्यांच्या बाबतीत पहिल्यांदाच घडत होतं, माणूस घामानं निथळायला लागला. शेवटी मी मॅन्युअल उघडलं (ते शेवटीच उघडायचं असतं) आणि मोठ्यांदा वाचायला लागलो. ड्राइव्ह आलेल्या लाइनीचा आधी डीसी करतो आणि मग त्यातनं आपल्या तीन फेज आपणच तयार करतो, त्यामुळं इकडनं तुम्ही कुठलीही फेज कुठंही लावा, त्याला काय घेणंदेणं नाही, पलटायच्या त्या मोटारीकडच्या. आणि पुढं असं की ४१५ च्या लाइनीवर हा डीसी ५८५ व्होल्टच्या आसपास जातो, आणि मेन बंद केला तरी कपॅसिटरमध्ये काही मिनिटं तसाच बसून राहतो. मी हे वाचत असताना दादांचा हात पॅनेलच्या आत होता. तो त्यांनी ज्या स्पीडनं बाहेर काढला त्यालाच खटक्यावर बोट जाग्यावर पलटी म्हणत असावेत.

स्पिंडल सुलटा झाला. आता तो चालू केला की मशीन म्हणायची एक्सची लिमिट लागली (म्हणजे टेबल टोकाला पोचलं), आणि बंद. टेबल तर मधोमध उभं! दोन दिवस लिमिट स्विच पुसत बसलो. कारण काय तर आमच्या पोरानं टापटीप दिसावं म्हणून मोटारीची केबल आणि लिमिट स्विचची वायर एकाच पट्टीनं करकचून बांधलेली. ड्राइव्ह आत सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करत असतो, त्याचा सगळा दंगा शेजारच्या वायरीत शिरतो. वायरी लांब लांब नेल्या, सिग्नलला शिल्ड केबल टाकली, शिल्ड एकाच टोकाला अर्थ केली. पॅनेल दिसायला आता गबाळं आहे पण चालतंय.

पुढचा किस्सा जी फोरचा. ड्राइव्ह मोटारीला हळूहळू उचलतो, आमच्या सेटिंगला पाच सेकंद लागतात, पण कॉम्प्युटरला तेवढा दम कुठला, एम थ्री म्हटला की लगेच झेड खाली. म्हणून मध्ये जी ४ टाकायचा, म्हणजे जरा थांब बाबा. मी लिहिलं जी ४ पी ५, म्हणजे पाच सेकंद. थांबलंच नाही. आमच्या मॅक थ्री सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये एक टिक असते, ती लावलेली असली की तो पीचा आकडा मिलिसेकंद धरतो. मी टिक काढली. आणि मी टिक काढली हे माहीत नसलेल्या पोरानं पी ५००० केलं. स्पिंडल झकास सुरू, झेड वर, आम्ही सगळे कौतुकानं बघत उभारलो. मग बसलो. मग म्हटलं मिसळ तरी खाऊन येऊ. दोन दोन वेळा जादा कट घेऊन, ब्रेड संपवून, निवांत परत आलो तर स्पिंडल हवेत फिरतोयच. ५००० सेकंद म्हणजे १ तास २३ मिनिटं.

"लई इच्यार करतंय की," मामा म्हणाले.

आणि पट्टा, मोटारीवरनं स्पिंडल फिरवणारा, पायऱ्यांच्या पुलीवरचा. ड्राइव्ह आला की पट्टा बदलायची कटकट गेली असं मी गावभर सांगितलेलं. कुठली जातीय. स्पीड चौथाईवर आणलं की दोन एचपीच्या मोटारीची ताकद पण अर्ध्या एचपीवर येते, वर तिचा पंखा तिच्याच शाफ्टवर, तोही रेंगाळतो, मोटार तव्यागत तापते. तेव्हा मोठ्या फेसकटरला पट्टा खालच्या पायरीवर टाकायचा आणि कॉम्प्युटरमध्ये पुलीची सेटिंग बदलायची. ते केलं. दुसऱ्या दिवशी मामांनी पट्टा गुपचूप परत वर घेतला. एस ४०० दिला, म्हणजे ४०० आरपीएम मागितले, टॅकोमीटर १२०० दाखवतोय. मी किंचाळत बटणावर झेप घेतली.

"मामा, पट्टा बदलला ते सांगायचं न्हाई होय?"

"मला वाटलं तुमच्या कॉम्प्युटरला दिसतंय."

आता प्रत्येक प्रोग्रामच्या सुरुवातीला मी एम झिरो टाकलाय. मशीन थांबते, पोरगं ओरडतं, "मामा, पट्टा कुठंय?", मामा वाकून बघतात, "वर हाय" म्हणतात, मग पोरगं स्टार्ट दाबतं. गिऱ्हाईक आलं की मामा आता पुलीजवळ सहज उभारल्यासारखं उभारतात.