पर्याय वाढवावेत की पातेले लहान करावे?

महाविद्यालयाच्या फाटकालगतच्या कट्ट्यावर त्या संध्याकाळी आम्ही पाच जण होतो आणि विषय मेसचा निघाला होता. तो रोजच निघतो. पण त्या दिवशी त्याला निमित्त होते. मेसचा ठेका सत्राअखेरीस संपत असल्याने विद्यार्थ्यांनी लेखी सूचना द्याव्यात, असा कागद सूचनाफलकावर लागला होता. जेमतेम चारशे विद्यार्थ्यांच्या आमच्या महाविद्यालयात जेवायला एक मेस आणि मधल्या वेळच्या खाण्यापुरती कॅन्टीनची एक खिडकी एवढीच सोय आहे, आणि दोन्ही एकाच ठेकेदाराकडे आहेत.

वाणिज्य शाखेच्या मैत्रिणीचे म्हणणे ठाम होते. "दुसरा ठेकेदार आणा, आणखी दोन काउंटर उघडा. गिऱ्हाईक कुठेही जाऊ शकत नाही हे एकदा कळले, की चव सांभाळायची गरज कोणाला वाटेल?" तिने पुढे मांडलेला मुद्दा मला अधिक मोलाचा वाटला. मेसचे पैसे सत्राच्या सुरुवातीलाच एकरकमी भरून घेतले जातात, आणि त्यातली काही जेवणे खाल्ली जाणारच नाहीत हे अशा ठेक्यांचे दर ठरवतानाच गृहीत धरलेले असते. म्हणजे जेवण आवडत नाही म्हणून जो मुलगा रात्री बिस्किटांवर भागवतो, त्याचे ताट वाचल्याचा फायदा ठेकेदारालाच होतो. "नाराज गिऱ्हाईक ज्यात नफा देऊन जाते असा दुसरा एखादा धंदा दाखव," ती मला म्हणाली. मला त्या वेळी एकही सुचला नाही. (व्यायामशाळेची वार्षिक वर्गणी मला खोलीवर पोहोचल्यानंतर आठवली.)

मेस समितीवर वर्षभर काम केलेला मित्र तोवर गप्प बसून ऐकत होता. आमच्यात आतल्या स्वयंपाकघरात प्रत्यक्ष उभा राहिलेला तो एकटाच, त्यामुळे तो बोलू लागला की आमचा आवाज जरा खाली येतो. "अगं, चारशे जेवणारे चार काउंटरांवर वाटलेस म्हणून आचारी, शेगडी आणि भांडी घासणारा माणूस यांचा पाव भाग करता येतो का?" असे विचारून तो म्हणाला, की दहा हजार विद्यार्थ्यांच्या विद्यापीठाला जो खर्च सहज झेपतो तोच चारशेंच्या मेसमध्ये प्रत्येक ताटावर चढतो, आणि दर वाढवता येत नसला की तो शेवटी सामानातून काढला जातो, तेल हलके येते, भाजी कालची येते. शिवाय पदार्थ जितके जास्त तितका प्रत्येकाचा खप सावकाश, आणि खप सावकाश म्हणजे पातेले अधिक वेळ उभे. "तुम्हाला जे बेचव लागते ना, ते आचाऱ्याच्या हातामुळे नाही, घड्याळामुळे."

हे त्याचे वाक्य ऐकताना मला माझी स्वतःची मंगळवारची दुपार दिसली. प्रात्यक्षिक संपवून मी पावणेदोनला मेसमध्ये पोहोचतो. बाराला गरम पाण्याच्या टेबलावर चढलेले पातेले तोवर खाली गेलेले असते. झाकणाच्या आतल्या बाजूला जमलेले वाफेचे पाणी थेंबाथेंबाने परत आत गळून रस्सा पातळ झालेला असतो, वाटाण्याचा हिरवा रंग जाऊन त्यावर शेवाळी मळकटपणा आलेला असतो, बटाट्याच्या कडा विरघळून डावाला चिकटलेल्या असतात. आणि वाढणारा माणूस डाव तळाला घासतो तो आवाज रांगेत तिसऱ्या क्रमांकावरही स्पष्ट ऐकू येतो. सव्वाबाराला जेवून गेलेली मंडळी त्याच भाजीला चांगली म्हणतात. वर्षभर आम्ही एकमेकांना खोटे ठरवत होतो, आणि दोघेही खरे बोलत होतो.

सूक्ष्मजीवशास्त्र शिकणाऱ्या मित्राला आता राहवले नाही. वाटाण्याचा रंग का जातो (उष्णता आणि आम्ल यांमुळे हरितद्रव्यातले मॅग्नेशियम सुटते) हे सांगून तो थेट सुरक्षिततेवर आला. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये सुरक्षित अन्नासाठी जी पाच सूत्रे प्रसिद्ध केली, त्यांत शिजवलेले अन्न खोलीच्या तापमानात २ तासांहून अधिक ठेवू नये, वाढेपर्यंत ६० अंश सेल्सिअसच्या वर तापते ठेवावे आणि साठवायचे असेल तर ५ अंशांच्या खाली न्यावे, असे सांगितले आहे. मधल्या पट्ट्यात जिवाणू झपाट्याने वाढतात. त्याचा सगळ्यात जास्त राग उरलेल्या भातावर होता. बॅसिलस सिरिअस नावाच्या जिवाणूचे बीजाणू भात शिजतानाही मरत नाहीत, भात तासन्‌तास बाहेर राहिला की ते रुजतात, आणि वांती घडवणारे जे विष त्यांतून तयार होते ते पुन्हा गरम करूनही नष्ट होत नाही. "त्यामुळे 'आम्ही सकाळी चांगला उकळून घेतला' हे उत्तर मला कोणी देऊ नये," असे तो म्हणाला, जणू ठेकेदार समोरच बसला होता.

"मग सोपे आहे, पातेले सतत साठ अंशांच्या वर ठेवा," वाणिज्यवाली म्हणाली.

"तसे केले तर ते सुरक्षित राहील, चवदार राहणार नाही," तो म्हणाला. त्या तापमानाला भाजी तासभर शिजतच राहते, क जीवनसत्त्व घटत जाते आणि कुरकुरीत म्हणून केलेला कोणताही पदार्थ वाफेने मऊ पडतो. पोट बिघडू नये म्हणून जे करायचे त्यानेच चव बिघडते, ही अडचण माझ्या तरी आधी लक्षात आली नव्हती. तक्रारवहीत आम्ही दोन्ही गोष्टींना 'दर्जा' हा एकच शब्द वापरतो, आणि ठेकेदार त्याला तापमानाची नोंदवही दाखवून मोकळा होतो.

माझे मत इथे पक्के झाले आणि मी ते मांडले. काउंटर वाढवण्यापेक्षा पातेले लहान करावे. भाज्या सकाळीच चिरून थंड ठेवाव्यात, अर्धा स्वयंपाक बारासाठी करावा आणि उरलेला सव्वाला चुलीवर चढवावा. दुसऱ्या घाण्यासाठी नवे काउंटर किंवा नवा ठेकेदार लागत नाही. समितीवाल्याने लगेच त्यातली खोच दाखवली, की आचारी पहाटे पाचला कामावर येतो आणि साडेबारानंतरचा तासच काय तो त्याच्या विसाव्याचा असतो. तो आपण काढून घेणार असू तर त्याचा मोबदला कोण देणार, याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. पदार्थ एकाने कमी केला तर तेवढी मेहनत वाचेल, इतकेच मला सुचले, आणि ते त्याला अर्धवट पटले.

तेव्हा पाचवी मैत्रीण बोलली. तिला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. आम्हाला ते ठाऊक होते, पण चर्चेत कोणालाच आठवले नव्हते. "तुमच्यासाठी पर्याय ही चैन असेल. माझ्यासाठी एकच पदार्थ आणि त्यात कूट घातलेला, म्हणजे त्या दिवशी नुसता भात. आणि तोही डाव दुसऱ्या पातेल्यात बुडला नसेल तर." युरोपीय संघात १४ ॲलर्जीजन्य घटकांपैकी कोणता पदार्थात आहे हे खाणाऱ्याला सांगणे कायद्यानेच बंधनकारक आहे, असे तिने सांगितले, इथे तिला रोज वाढणाऱ्याला विचारावे लागते आणि तो आत जाऊन विचारून येईपर्यंत मागची रांग कुरकुरते. तिला चार काउंटर नको होते. मूळ पदार्थ साधा ठेवून कूट, मसाला आणि सॉस शेवटी वेगळे वाढावेत, प्रत्येक पातेल्याला स्वतःचा डाव असावा आणि फळ्यावर पदार्थाच्या नावाखाली घटक लिहावेत, एवढेच तिचे मागणे होते. एकाच पातेल्यातून चार चवी निघण्याची ही वाट आमच्या अर्ध्या तासाच्या वादातून निघाली नव्हती, याची मला थोडी लाज वाटली.

मग वहीचा कागद फाडून सूचना लिहायला घेतली. दोन घाण्यांत स्वयंपाक, ही पहिली ओळ. घटकांचा फळा आणि वेगळे डाव, ही दुसरी. तिसऱ्या ओळीवर मात्र गाडी अडली. खाल्लेल्या जेवणांचेच पैसे द्यावेत हे कलम ठेक्यात आलेच पाहिजे, असे वाणिज्यवालीचे म्हणणे. तसे केले तर रोज किती जण येतील याचा अंदाज बांधता येणार नाही, अन्न एक तर उरेल किंवा कमी पडेल आणि ठेकेदार त्या जोखमीचे पैसे प्रत्येक ताटावर लावेल, असे समितीवाल्याचे. महिन्याला ठरावीक जेवणे बांधून घ्यावीत आणि त्यापुढची सुटी आदल्या दिवशी कळवल्यास पैसे परत मिळावेत, असा मधला मार्ग मी सुचवला. तो दोघांनाही सारखाच नापसंत पडला. अंधार पडला तेव्हा तिसऱ्या ओळीची जागा मोकळी ठेवून चौघांनी सह्या केल्या. वाणिज्यवालीची सही अजून व्हायची आहे.