आठवड्याची सरासरी आणि घड्याळाची नाडी

नमस्कार. मोबाइलच्या ॲपने घड्याळ तपासण्याच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. मोबाइलच्या माइकने टिकटिक ऐकून आकडे काढणं हा पोरखेळ आहे, आठवडाभर घड्याळ हातात घालून प्रमाणवेळेशी ताडून पाहिलं की पुरतं, आणि लिफ्ट अँगल (ठोका देताना बॅलन्स व्हील, म्हणजे घड्याळातलं मागेपुढे झुलणारं चाक, जेवढं वळतं तो कोन) न सांगता ॲम्प्लिट्यूड (त्या चाकाचा झोका किती अंशांचा, ते माप) छापणं ही दिशाभूल आहे, असं तुमचं म्हणणं.

शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण तिथे चूक माझीच आहे. लेखातल्या घड्याळात ईटीए २८२४-२ ही यंत्रणा आहे आणि तिचा लिफ्ट अँगल ५० अंश. ॲम्प्लिट्यूड काढायला ॲपला हा कोन सांगावा लागतो. ॲपमध्ये ५२ तसाच राहून गेला. त्यामुळे मी दिलेले २८१ अंश प्रत्यक्षात २७०च्या आसपास भरतात. लेखात दुरुस्ती केली आहे, आभार. घड्याळ दिवसाला किती सेकंद पुढे-मागे जातं, या आकड्याला मात्र लिफ्ट अँगलने काही फरक पडत नाही.

मोबाइलचं म्हणाल तर त्यातला क्वार्ट्झ दशलक्षात १० भागांनी चुकला, तरी दिवसाला ०.८६ सेकंदाचीच तफावत येते. घरच्या कामाला ते चालतं. खरा त्रास खोलीतल्या आवाजाचा. मी पंखा बंद करतो, घड्याळाची चावी (कडेची फिरवायची कळ) माइकला टेकवतो आणि ॲपमधल्या ठोक्यांच्या आलेखावर स्वच्छ रेघा उमटल्या तरच आकडा मानतो. ठिपके विखुरले की ते माप रद्द.

सरासरीबद्दल मात्र तुमचं पटत नाही. समजा, रात्री ८ तास घड्याळ तबकडी वर करून टेबलावर असतं आणि त्या स्थितीत दिवसाला ९ सेकंद पुढे जाण्याच्या गतीने चालतं. म्हणजे ३ सेकंद पुढे. उरलेले १६ तास हातात असताना गती दिवसाला साडेचार सेकंद मागे जाण्याची, म्हणजे ३ सेकंद मागे. बेरीज शून्य! आठवडाभर ताडून पाहिलंत तरी ते बिनचूकच दिसेल. क्रोनोमीटरची (अचूकतेचं प्रमाणपत्र मिळवणाऱ्या घड्याळाची) चाचणी पाच स्थितींत आणि तीन तापमानांत घेतात, ती उगाच नाही.

माझ्याकडचं एक जुनं चावीचं घड्याळ, तासाला १८,००० ठोक्यांचं, दिवसाला जेमतेम ३ सेकंद पुढे जायचं. मी खूश होतो. मग पूर्ण चावी देऊन, तबकडी वर ठेवून नाडी पाहिली, तर ॲम्प्लिट्यूड १९० अंश. पूर्ण चावीवर या स्थितीत निरोगी घड्याळाचं बॅलन्स व्हील साधारण २७० ते ३१० अंश झोकात फिरतं. कारागिराने मागचं झाकण उघडलं, आतलं तेल वाळून तपकिरी झालं होतं. तसंच वापरत राहिलो असतो तर कोरड्या पिव्हटांची (चाकांच्या आसांच्या टोकांची) झीज झाली असती, आणि सेकंदकाट्याने त्याचा सुगावाही लागू दिला नसता.

उलट दुसरं एक घड्याळ अचानक दिवसाला ४० सेकंद पुढे पळायला लागलं. होकायंत्राजवळ नेलं तर सुई हलली. टॅबलेटच्या कव्हरमधल्या चुंबकाने हेअरस्प्रिंगचे (बॅलन्स व्हीलला झुलवणाऱ्या बारीक स्प्रिंगचे) वेढे एकमेकांना चिकटत होते. स्प्रिंग आखूड झाल्यासारखी वागते आणि घड्याळ पळतं. चुंबकत्व घालवलं, काम झालं. सर्व्हिसिंगची गरजच नव्हती.

तुमची आठवड्याची नोंद मला हवीच आहे. तिच्यासोबत चार मापं पाठवा: पूर्ण चावी दिल्यावर तबकडी वर आणि चावी खाली, आणि २४ तासांनी याच दोन स्थिती पुन्हा, मधे चावी न देता आणि घड्याळ हातात न घालता. कॅलिबरही (यंत्रणेचं मॉडेल) कळवा, या वेळी लिफ्ट अँगल बघूनच बोलेन.