चार म्हणजे चार

मी ‘चार’ म्हणालो होतो, हे मला मान्य आहे. नुसता म्हणालो नाही, फोनमध्ये बघून जर्मनमध्ये ‘फिअर’ म्हणालो आणि खात्रीसाठी चार बोटंही वर केली. पण माझा चार म्हणजे मशीनचा चार नंबर. डोक्यावर १३ मिलिमीटर केस उरतात आणि माणूस माणसासारखा दिसतो, तो चार. जर्मनीतल्या कोलोन शहरातल्या त्या न्हाव्यानं ४ मिलिमीटर उरवले. आज आठवा दिवस. अजूनही सकाळी तोंड धुवायला गेलो की वाटतं, बाथरूममध्ये आधीच कोणीतरी आहे.

गुरुवारी मला चाळीस लोकांसमोर उभं राहून बोलायचं होतं आणि कानांवर झुलपं आली होती. सोमवारी जर्मनीतली बरीच केशकर्तनालयं बंद असतात, म्हणून मंगळवार. कोलोनच्या एरेनफेल्ड भागातला फेन्लोअर श्ट्रासे हा लांबलचक रस्ता, त्यावरचं एक तुर्की दुकान. भिंतीवर काचेच्या चौकटीत मायस्टरचं, म्हणजे उस्ताद कारागिराचं, प्रमाणपत्र. या देशात केस कापणं ही कायद्यानं मान्य कारागिरी आहे. तीन वर्षं उमेदवारी करायची आणि स्वतःचं दुकान काढायचं तर साधारणपणे पुढे मायस्टरची परीक्षा द्यायची. एवढी शिकलेली माणसं माझ्या डोक्याचं काय वाईट करणार, असं म्हणून मी खुर्चीत बसलो.

बसल्याबसल्या त्यानं माझा चष्मा काढून घेतला. इथेच सगळं संपलं होतं. माझा नंबर उणे सहा. चष्म्याशिवाय आरशात मला एक पांढरा डाग दिसतो, त्यावर एक सावळा डाग आणि त्यावर एक काळा डाग. मशीन घुरघुरली, कपाळापासून थेट टाळूपर्यंत गेली, आणि काळ्या डागाच्या मधोमध एक सावळा रस्ता तयार झाला. मी ‘ओ ओ ओ’ केलं. पण केस कापताना पहिला पट्टा फिरला की विषय संपतो. उरलेले केस वाचवून करणार काय? अर्धं काम थांबवून हॉटेलवर परतलो असतो तर लोकांनी मला निषेध मोर्चातला समजलं असतं.

“फिअर!” न्हावी अभिमानानं म्हणाला. मी इंग्रजीत म्हणालो, नंबर चार. तो म्हणाला, हो, चार. मी म्हणालो, हा चार नाही. तो म्हणाला, चारच आहे. असं आमचं बराच वेळ एकमत होत राहिलं.

तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, “मे आय हेल्प?”

बाकावर एक आजोबा तुर्की चहाचा छोटा ग्लास धरून बसले होते. वय पंचाहत्तरच्या पुढे आणि डोक्यावर एकही केस नाही. एकही म्हणजे एकही. हा माणूस न्हाव्याकडे कशासाठी आला होता, हे मला आजतागायत कळलेलं नाही. बहुधा रोज येतात. चहा पितात, दुसऱ्यांचे केस पडताना बघतात आणि शांत झोपतात. निवृत्त सुतार आहेत, हे त्यांनी नमस्काराच्याही आधी सांगितलं.

मी त्यांना माझी बाजू समजावली. मशीनच्या तोंडाला जी प्लास्टिकची फणी लावतात तिचे नंबर असतात. एक नंबर म्हणजे इंचाचा आठवा भाग. म्हणजे एक नंबरला ३ मिलिमीटर, दोनला ६, आणि चारला अर्धा इंच, १३ मिलिमीटर. (ही सगळी माहिती मला त्या क्षणी नव्हती. मी फक्त ‘चार नंबर, चार नंबर’ असं ओरडत होतो. आकडे रात्री हॉटेलवर शोधले. पण वादात आपण जे बोलायला हवं होतं तेच बोललो, असं सांगायची मुभा लेखकाला असावी.)

आजोबांनी मान डोलावली. “इंच?” त्यांनी असं विचारलं, जणू मी कवड्यांनी पैसे द्यायला निघालो होतो. “जर्मनीत १८७२पासून मीटर आहे.” दीडशे वर्षांपूर्वी झालेला बदल मला कळवला गेला नव्हता याबद्दल त्यांच्या चेहऱ्यावर थोडी सहानुभूतीही होती. न्हावी त्यांना जर्मनमध्ये काहीतरी म्हणाला. आजोबा उठले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, “त्सोलश्टोक!”

आता हा शब्द मी त्याच दिवशी सकाळी वाचला होता. रुडॉल्फप्लाट्झला बारा नंबरच्या ट्रामच्या कपाळावर तो लिहिलेला होता. त्सोलश्टोक हा कोलोनचाच एक भाग आहे, आणि ट्रामचा शेवटचा थांबा तिथल्या दफनभूमीपाशी आहे. मला वाटलं, म्हातारा मला तिकडे जायला सांगतोय. वाद घालतोस काय, जा, बारा नंबर पकड, शेवटच्या थांब्याला उतर. मी खुर्चीचे हात घट्ट धरले.

आजोबांनी पँटच्या मांडीवरच्या उभ्या खिशात हात घातला आणि सुताराची घडीची लाकडी पट्टी काढली. दोन मीटरची, पिवळी, कडा झिजलेली. निवृत्त होऊनही पट्टी खिशात! तर तिला म्हणतात त्सोलश्टोक. त्सोल म्हणजे इंच, श्टोक म्हणजे काठी. इंचकाठी! आणि त्या काठीवर एकही इंच नव्हता, सगळे सेंटिमीटर. माझ्या मते खटला इथेच माझ्या बाजूनं लागायला हवा होता. ज्या देशानं दीडशे वर्षं झाली तरी पट्टीचं नाव बदललं नाही, त्यानं मला इंचावरून ऐकवू नये. पण हेही मला रात्रीच सुचलं.

कट्ट, कट्ट करत आजोबांनी पहिली घडी उघडली. न्हाव्यानं माझं डोकं दोन्ही हातांनी धरलं. आजोबांनी पट्टी माझ्या टाळूवर उभी टेकवली, चष्मा कपाळावर सरकवला आणि वाकले. त्यांच्या श्वासाला चहाचा वास येत होता. रांगेतला एक शाळकरी मुलगाही उठून बघायला आला. आयुष्यात माझी उंची मोजली गेली, वजन मोजलं गेलं, पण माणसं भोवती गोळा होऊन माझे केस मिलिमीटरमध्ये मोजतायत हा प्रसंग पहिलाच. आजोबांचं एका जागी समाधान झालं नाही. त्यांनी डाव्या कानाच्या वर मोजलं, मागे मोजलं, पुन्हा टाळूवर आले. मुलाला काय दिसतं ते विचारलं. मुलगा म्हणाला, “फिअर.”

“श्टिम्ट,” आजोबा म्हणाले. म्हणजे, बरोबर आहे. निकाल लागला. मी चार मागितले, मला चार मिळाले.

मग त्यांनी सांत्वन सुरू केलं. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. तुम्हाला हवे होते तेरा, आहेत चार, कमी पडले नऊ. सत्तावीस दिवस. “फक्त सत्तावीस दिवस!” डोक्यावर केस नसलेल्या माणसानं असं म्हटलं की त्याच्यावर रागावताही येत नाही. मी म्हणालो, माझं भाषण परवा आहे. ते म्हणाले, मग परवा पॉइंट सात मिलिमीटर जास्त असतील.

इकडे न्हाव्याचं काम संपलं नव्हतं. त्यानं काडीला स्पिरिटचा बोळा लावून पेटवला आणि माझ्या कानांवर फटफट मारला. बारीक लव जाळायची ही तुर्की रीत. मला विचारलं नाही. मग बाटलीभर कोलोन्या डोक्यावर ओतलं, आणि नुकत्या भादरलेल्या कातडीला ते असं झोंबलं की मी मराठीत बोललो. योहान मारिया फारिना नावाच्या इटालियनानं अठराव्या शतकाच्या सुरुवातीला याच कोलोनमध्ये एक अत्तर बनवलं. त्याचं ते सुगंधी पाणी शहराच्या नावानं जगभर गेलं, तुर्कस्तानात जाऊन कोलोन्या झालं आणि तुर्की न्हाव्यांबरोबर परत इथेच आलं. एवढा फेरा घातला तो माझी टाळू जाळायला.

चष्मा परत मिळाला. घातला. लगेच काढला.

बिल २२ युरो. मला न विचारता नऊ मिलिमीटर जास्त कापले, त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत, हे आजोबांनी माझ्या लक्षात आणून दिलं. मी २५ पुढे केले आणि सुट्ट्यांची वाट बघत उभा राहिलो. न्हावी गल्ल्याकडे गेला नाही. तोही उभाच. तीन युरो आमच्या दोघांच्या मध्ये लोंबकळत राहिले. मला ते परत हवे होते. खरंच हवे होते. या डोक्यावर टोपी घ्यावी लागणार होती आणि तीन युरोंची मदत झाली असती.

आजोबा माझ्या कानाशी आले. जळलेल्याच कानाशी. हळूच म्हणाले, इथे टीप देताना वरचे ठेवा असं म्हणत नाहीत. ‘श्टिम्ट सो’ म्हणतात. म्हणजे, आहे ते बरोबर आहे.

मी न्हाव्याकडे बघितलं. त्या शाळकरी मुलाकडे बघितलं, तो आता माझ्या खुर्चीत बसून बोटं वर करत होता. सहा बोटं. हुशार.

“श्टिम्ट सो,” मी म्हणालो.

आजोबांनी माझा उच्चार दोनदा सुधारून घेतला.