‘सुटका कधी ते देवालाही ठाऊक नसतं’: एका प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या लेखात मी लिहिलं होतं, की तुरुंगातल्या आरोग्यसेवेवर देखरेख करणाऱ्याचं काम कैदी गेटाबाहेर पडला म्हणून संपत नाही. त्याच्या कामाचा कस तिथूनच लागायला सुरुवात होते. त्यावर तुरुंगाच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या एका वाचकांनी खरमरीत प्रतिक्रिया लिहिली आहे. तिचा गोषवारा असा: बाहेरच्या गरिबाला औषधाची मारामार, मग आतल्यांचे एवढे लाड कशाला? निम्मे कैदी आजाराचं सोंग घेतात. कच्च्या कैद्याची सुटका कधी होईल ते देवालाही ठाऊक नसतं, तेव्हा ‘सुटकेचं नियोजन’, म्हणजे सुटल्यावरही उपचार चालू राहावेत म्हणून आतच करायची तयारी, हा कागदी खेळ आहे. आणि पर्यवेक्षक म्हणजे रजिस्टरवर सही ठोकणारा आणखी एक साहेब. त्यापेक्षा त्याच्या पगारात एक डॉक्टर वाढवा.

उत्तर प्रतिक्रियेच्या चौकटीत मावेना, म्हणून इथे लिहितो.

लाडांचा मुद्दा आधी संपवू. बाहेरचा माणूस गरीब असला तरी उठून कुठल्यातरी दवाखान्याच्या दारात जाऊन बसू शकतो, शेजाऱ्याला हाक मारू शकतो. आतल्याला ती सोय नाही, कारण आपणच दाराला कुलूप लावलेलं असतं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ साली ‘एस्टेल विरुद्ध गॅम्बल’ या खटल्यात हेच कारण दिलं: कैदी उपचारासाठी पूर्णपणे तुरुंगाधिकाऱ्यांवर अवलंबून असतो, म्हणून त्याच्या गंभीर दुखण्याकडे जाणूनबुजून केलेलं दुर्लक्ष ही घटनेने मनाई केलेली क्रूर शिक्षा ठरते. बाहेरच्याला औषध मिळत नसेल तर त्यासाठी भांडायला मी तुमच्या पुढे उभा राहीन. पण आतल्याचं बंद करून बाहेरच्याला ते मिळणार नाही.

सोंगाबद्दल एवढंच, की सोंग असतं. पण ते सोंग आहे हे तपासणीनंतर कळतं, आधी नाही. दारू अचानक तुटलेल्या माणसाला दोन-तीन दिवसांनी जी थरथर आणि भ्रम होतो तो बराकीतल्या शिपायाला नाटकच वाटतो, आणि उपचार नाही मिळाला तर तो माणूस त्यात मरू शकतो.

आता तुमच्या खऱ्या मुद्द्याकडे येतो.

कच्च्या कैद्याची सुटका केव्हा होईल ते माहीत नसतं, हे शंभर टक्के खरं. सकाळी हजेरीसाठी कोर्टात नेलेला माणूस तिथूनच जामिनावर सुटतो. कुणाचा जामीनदार संध्याकाळी उगवतो, कुणावरचा आरोपच मागे घेतला जातो. तुरुंगाच्या दवाखान्याला हे कळतं दुसऱ्या दिवशी, औषधाच्या रांगेत तो दिसत नाही तेव्हा. तोवर त्याची फाइल आत, गोळ्या आत, आणि माणूस कुठल्यातरी बस थांब्यावर. पण यातून तुम्ही काढलेला निष्कर्ष मला उलटा वाटतो. तारीख माहीत असती तर नियोजन शेवटच्या आठवड्यात केलं असतं तरी चाललं असतं. ती माहीत नसते म्हणूनच ते पहिल्या दिवशी करावं लागतं.

त्यासाठी प्रश्न बदलावा लागतो. ‘हा केव्हा सुटेल?’ हा प्रश्न टाकून द्यायचा आणि दाखल होतानाच्या तपासणीत ‘हा आज रात्रीच सुटला तर?’ असं विचारायचं. मग उत्तर फार मोठं निघत नाही. कुठली औषधं चालू आहेत, ती बाहेर कुठे मिळतील, कुठला दवाखाना त्याला ओळखतो, आणि बाहेर त्याला शोधायचं झालं तर कुणाच्या फोनवर. एवढं पहिल्या दिवशी लिहून ठेवायचं आणि त्यातला त्याच्या हातात द्यायचा भाग त्याच दिवशी द्यायचा. आठवडाभर राहिला तर बाहेरच्या दवाखान्याशी बोलणं होतं. महिनाभर राहिला तर ओळखपत्र, सरकारी आरोग्य योजनेचा अर्ज, डोकं टेकायला जागा, यांच्याकडे वळता येतं. नियोजन असं थरांनी वाढत जातं. माणूस कुठल्याही दिवशी गेला तरी तोवरचं काम त्याच्यासोबत जातं.

हे कागदी आहे की नाही ते ठरवायला मी तुम्हाला न्यूयॉर्कचं उदाहरण देतो, कारण त्यात तुमच्या डॉक्टर वाढवण्याच्या उपायालाही उत्तर आहे. तिथल्या शहर तुरुंगात मानसिक आजारांवर उपचार होत होते. मानसोपचारतज्ज्ञ होते, गोळ्या मिळत होत्या. आणि सुटका कशी व्हायची? पहाटे दोन ते सहाच्या दरम्यान बसमधून एका चौकात उतरवायचे, हातात दीड डॉलर आणि दोन फेऱ्यांचं प्रवासाचं कार्ड. ना औषध, ना चिठ्ठी, ना कुठल्या दवाखान्याचा पत्ता. यावर १९९९ साली ‘ब्रॅड एच.’ या टोपणनावाने सामूहिक दावा दाखल झाला. दाव्याचा आधार राज्याचाच कायदा होता: मानसोपचार देणाऱ्याने रुग्णाला सोडताना पुढच्या उपचारांची आखणी केलीच पाहिजे. रुग्णालयाला लागू असलेला नियम तुरुंगातल्या दवाखान्याला का नाही, एवढाच सवाल होता. २००३ साली तडजोड झाली आणि शहराने सुटकेचं नियोजन करण्याचं कबूल केलं. तडजोडीत आणखी एक गोष्ट होती, जी तुमच्या डोळ्यांखालून जावी असं मला वाटतं: शहर दिलेला शब्द पाळतंय की नाही हे तपासायला बाहेरचे स्वतंत्र निरीक्षक नेमले गेले. डॉक्टर आधीपासून होते, कमी होती ती देखरेखीची.

आता आकडे. वॉशिंग्टन राज्यातल्या तुरुंगांतून सुटलेल्या तीस हजारांहून अधिक लोकांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांचा मृत्यूचा धोका बाकीच्या समाजातल्या तशाच लोकांच्या १२.७ पट होता. अंमली पदार्थांच्या अतिमात्रेने मरण्याचा धोका तर १२९ पट. कारण गूढ नाही. आत असताना सवय तुटते, शरीराची सहनशक्ती उतरते, आणि बाहेर येऊन माणूस जुन्याच मात्रेने घेतो. त्याला काल झेपत होतं ते आज झेपत नाही. तुम्ही म्हणाल, हे शिक्षा भोगून सुटलेले पक्के कैदी. खरं आहे. पण ऱ्होड आयलंडमध्ये कच्च्या आणि पक्क्या कैद्यांची एकच यंत्रणा आहे. तिथे २०१६ पासून अफूजन्य पदार्थांच्या व्यसनावरची मान्यताप्राप्त औषधं आत सुरू झाली आणि सुटल्यावर तीच बाहेरच्या केंद्रात चालू राहतील अशी जोडणी केली गेली. त्या वर्षाच्या पहिल्या सहा महिन्यांशी पुढच्या वर्षाचे पहिले सहा महिने ताडून पाहिले, तर नुकत्याच सुटलेल्यांचे अतिमात्रेचे मृत्यू सुमारे ६० टक्क्यांनी घटलेले दिसले. स्कॉटलंडने २०११ साली नॅलोक्झोन हा अतिमात्रेवरचा उतारा लोकांच्या हातात द्यायला सुरुवात केली, त्यात तुरुंगातून सुटणारेही होते. त्याआधी अफूजन्य पदार्थांमुळे होणाऱ्या मृत्यूंपैकी ९.८ टक्के मृत्यू तुरुंगातून सुटल्यानंतरच्या चार आठवड्यांतले असत. पुढच्या तीन वर्षांत ते प्रमाण ६.३ टक्क्यांवर आलं.

आणि फक्त औषध दिलं, जोडणी नाही केली, तर काय होतं? टेक्सासचा अभ्यास आहे, २००९ साली आलेला. एचआयव्हीची औषधं आत नियमित घेणाऱ्या, सुटताना दहा दिवसांच्या गोळ्या बरोबर दिलेल्या लोकांचा. त्यातल्या जेमतेम ५ टक्के लोकांनी पहिल्या दहा दिवसांत पुढची औषधं उचलली. साठ दिवस झाले तरी ३० टक्केच. ज्यांना सुटण्याआधी बाहेरच्या औषध योजनेचा अर्ज भरायला कुणी मदत केली होती, त्यांचं प्रमाण बरं होतं. ज्याला तुम्ही कागदी खेळ म्हणता तो हाच अर्ज.

राहता राहिला पर्यवेक्षक. त्याच्याबद्दल तुमचा राग मला समजतो. महिन्यातून एकदा येणारा, दवाखान्यात चहा घेणारा, ‘सर्व ठीक’ लिहून जाणारा साहेब मीही पाहिला आहे. त्याचा पगार वाचवा, माझी हरकत नाही. मी ज्याच्याबद्दल लिहितो आहे त्याचं काम वेगळं आहे, आणि ते डॉक्टरला करता येत नाही, कारण डॉक्टर समोर आलेल्या रुग्णाकडे बघतो. जो समोर आलाच नाही त्याच्याकडे कुणी बघायचं?

उदाहरणार्थ, रजिस्टरमधला एक शेरा: ‘रुग्णाने तपासणीस नकार दिला.’ तुम्ही तो हजार वेळा वाचला असेल. चांगला पर्यवेक्षक तिथे थांबतो आणि बराकीत जाऊन त्या माणसाला विचारतो. कधी त्याने खरंच नकार दिलेला असतो. कधी तो कोर्टात गेलेला असतो. कधी न्यायला शिपाई मोकळा नसतो. कधी कुलूपच उघडलेलं नसतं आणि नकार भलत्याच कुणीतरी लिहिलेला असतो. चारही गोष्टी रजिस्टरमध्ये एकाच वाक्यात दिसतात, पण प्रत्येकीचा इलाज निराळा. कोर्टाची तारीख होती तर वेळ बदला, शिपाई नव्हता तर तुरुंगाधिकाऱ्याशी बोला, आणि माणूस खरंच नको म्हणत असेल तर का म्हणतो ते नर्सने बसून ऐकायचं. एक डॉक्टर वाढवलात तर त्याच्याही टेबलावर तोच शेरा येईल.

तसंच चिठ्ठीचं. तपासणी मागणारी चिठ्ठी कैद्याने कधी दिली आणि त्याला खरोखर कधी पाहिलं, यांतलं अंतर मोजायचं. सरासरी काढून खूश व्हायचं नाही. सगळ्यात जास्त ताटकळलेली चिठ्ठी उचलून ती का अडकली ते शोधायचं. आत मृत्यू झाला तर फक्त कारण लिहायचं नाही, आधीच्या दिवसांत कुठे संधी हुकली ते सगळ्यांना बसवून, एकालाच बळीचा बकरा न करता तपासायचं. आणि सुटलेल्यांपैकी किती जण बाहेरच्या दवाखान्यात पहिल्या भेटीला पोचले, हा आकडा बाहेरच्यांना फोन करून मिळवायचा. सुटणाऱ्याने आधी संमती दिलेली हवी, कारण आजाराची माहिती त्याची आहे. मला विचाराल तर या सेवेचं मूल्यमापन करायला एकच आकडा निवडायचा झाला तर मी हा निवडीन. ‘इतक्या जणांना नियोजनाचा कागद दिला’ हा आकडा मला दाखवू नका. कागद देणं सोपं आहे.

ज्यांच्यावर देखरेख करायची त्यांचीही बाजू असते. तुरुंगातल्या नर्सला दोन मालक असतात: पेशंट आणि गेट. सुरक्षेच्या नावाखाली ‘आज नाही जमणार’ असं सांगितलं गेलं की ती एकटी काय भांडणार? तिच्या वतीने तुरुंगाधिकाऱ्याच्या खोलीत जाऊन बसणं हे पर्यवेक्षकाचं काम. संयुक्त राष्ट्रांनी १७ डिसेंबर २०१५ रोजी मंजूर केलेले नेल्सन मंडेला नियम त्याच्या हाती आहेत. वैद्यकीय निर्णय आरोग्य कर्मचाऱ्यांनीच घ्यायचे, ते बिगरवैद्यकीय तुरुंग कर्मचाऱ्यांनी डावलायचे नाहीत, हे २७ व्या नियमात आहे. तुरुंगातली आरोग्यसेवा सार्वजनिक आरोग्य यंत्रणेशी जोडलेली असावी आणि उपचारात खंड पडू नये, हे २४ व्यात.

म्हणूनच तो पर्यवेक्षक कुणाच्या हाताखाली, हा प्रश्न मी महत्त्वाचा मानतो. तुरुंगप्रमुखाच्या हाताखाली असेल तर त्याचा अहवाल लवकरच गोड होतो. नॉर्वेत कैद्यांच्या आरोग्याची जबाबदारी १९८० च्या दशकापासूनच बाहेरच्या नागरी आरोग्यसेवेकडे आहे. फ्रान्सने १९९४ च्या कायद्याने ती सार्वजनिक रुग्णालयांकडे दिली. इंग्लंडमध्ये २००६ पर्यंत ती राष्ट्रीय आरोग्य सेवेकडे गेली. त्याने सगळं सुरळीत झालं असं नाही. गर्दी आणि माणसांचा तुटवडा तिथेही आहे. पण आतला आणि बाहेरचा दवाखाना एकाच घरचे झाले की फाइल गेटापाशी अडत नाही.

तुमच्या एका सूचनेशी मात्र मी सावधपणे असहमत आहे. तुम्ही लिहिता, एवढीच काळजी असेल तर नियोजन होईपर्यंत सोडूच नका. तसं करता येत नाही. सुटकेचा आदेश आल्यावर गोळ्यांसाठीसुद्धा कुणाला अडकवून ठेवणं म्हणजे बेकायदा डांबणं, मग हेतू कितीही चांगला असो. म्हणून तर औषधांची पुडी आधीच बांधून गेटापाशी ठेवलेली असावी लागते, आणि सुटकेचा आदेश कार्यालयात येताक्षणी दवाखान्यात फोन वाजावा लागतो. कोर्टातून परस्पर सुटणाऱ्यांसाठी बाहेरच्या एखाद्या औषध दुकानात औषधांची चिठ्ठी पाठवून ठेवता येते.

प्रतिक्रियेच्या शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलं आहे, की तुमच्या कारकिर्दीत तुम्ही अंधार पडल्यावर कुणालाही एकट्याला गेटाबाहेर काढलं नाही; ज्याला पहाटेपर्यंत थांबायचं असेल त्याला थांबायची जागा दिली. तुम्ही ते दयेपोटी केलं असं म्हणता. माझ्या लेखी ते उत्तम सुटकेचं नियोजन आहे, आणि त्याचे तपशील मला हवे आहेत. थांबायचं की नाही ते कैद्यावर सोडत होतात ना? कुलूप नसलेली खोली कुठली दिली? वरून हरकत आली तेव्हा कुठल्या नियमावर बोट ठेवलंत? लिहून पाठवा. पुढचा लेख मला त्यावरच लिहायचा आहे.