पाखंडी कोणाला म्हणायचे?

गेल्या महिन्यात नाशिकच्या रामकुंडावर आमच्या घरातल्या एका दहाव्याला माझ्या आत्तेभावाने वडिलांचे पिंडदान करण्यास नकार दिला. "माझा यावर विश्वास नाही, आणि नाना होते तेव्हा त्यांनाही मी हे सांगितले होते," एवढेच तो शांतपणे बोलला. विधी धाकट्या भावाने केले. हा मात्र कावळा शिवेपर्यंत उन्हात तिथेच उभा राहिला आणि जमलेल्या वडीलधाऱ्यांना हात धरून पायऱ्यांवरून वर घेऊन आला. आमचे एक काका तेव्हा म्हणाले, "पाखंडी निघाला हा." त्याच दुपारी जेवताना एका भोंदू बुवाचा विषय निघाला, आणि त्या बुवालाही काकांनी पाखंडीच म्हटले.

ज्याने आपला अविश्वास लपवला नाही तो, आणि ज्याने श्रद्धेचे सोंग घेऊन लोकांना लुबाडले तो, या दोघांसाठी आपण एकच शब्द वापरतो. हा त्या पहिल्या माणसावर अन्याय आहे, असे मला मनापासून वाटते.

या शब्दाचा जुना अवतार अशोकाच्या शिलालेखांत सापडतो. गिरनारच्या बाराव्या लेखात राजा सांगतो की तो 'सवपासंडानि', म्हणजे सगळ्या पंथांचा, त्यांतल्या संन्याशांचा आणि गृहस्थांचाही सन्मान करतो. तिथे पासंड ही शिवी नाही. पासंड म्हणजे पंथ, मग तो कोणाचाही असो. दिल्ली-तोपरा स्तंभावरच्या सातव्या लेखात पासंडांची देखरेख करणाऱ्या महामात्रांचा, म्हणजे वरिष्ठ अधिकाऱ्यांचा, उल्लेख येतो, आणि त्या ओघात बौद्ध संघ, ब्राह्मण, नियतिवादी आजीविक आणि निर्ग्रंथ (म्हणजे जैन) हे सगळे एकाच रांगेत बसतात. बाराव्या लेखाचा गाभा आहे 'वचगुती', म्हणजे वाणीचा संयम. आपल्या पंथाची स्तुती करण्यासाठी दुसऱ्याच्या पंथाची निंदा करणारा स्वतःच्याच पंथाचे नुकसान करतो, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे.

आता मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायातला तिसावा श्लोक पाहा. पाषंडी, निषिद्ध कर्मे करणारे, मांजरासारखे व्रत पाळणारे ढोंगी, शठ, तर्कवादी आणि बगळ्याच्या वृत्तीचे लोक, या सर्वांचा 'वाङ्मात्रेणापि', म्हणजे नुसत्या शब्दानेही सत्कार करू नये, असे तो सांगतो. एका ठिकाणी वाणी आवरायची ती दुसऱ्या पंथाचा मान राखण्यासाठी, आणि दुसऱ्या ठिकाणी तो मान नाकारण्यासाठी. माझ्या मते त्याहून महत्त्वाची आहे ती या श्लोकातली शेजारशेजारची बैठक: वेद न मानणारा माणूस आणि डोळे मिटून मासा टिपणारा बगळा एकाच ओळीत आले. काकांच्या तोंडी झालेल्या गल्लतीची जुनी खूण मला इथे दिसते. पुढे आपल्या संतवाङ्मयातही पाखंड हा शब्द कठोर अर्थानेच आला; त्या संतांविषयीचा माझा आदर तिळमात्र कमी नाही, पण संन्याशाची मुले म्हणून ज्या भावंडांना समाजाने वाळीत टाकले, त्यांतल्या थोरल्याची समाधी आपल्याच त्र्यंबकेश्वरी आहे, हेही नाशिककरांनी विसरू नये.

पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढून दहाव्या लेण्याच्या ओवरीत उभे राहिले, की मागच्या भिंतीवर छताखाली ब्राह्मी अक्षरांच्या लांबलचक ओळी दिसतात. तो क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचा लेख. देवांना आणि ब्राह्मणांना सोळा गावे दिल्याचे सांगणारा हा माणूस बौद्ध भिक्षूंसाठी लेणे कोरवतो, आणि त्याच लेखात चरक नावाच्या परिव्राजकांच्या, म्हणजे फिरत्या संन्याशांच्या, 'पर्षदां'ना नारळाची ३२,००० रोपे दिल्याचीही नोंद करतो. पर्षद म्हणजे परिषद, मंडळी. पाषंड हा शब्द याच पर्षदेपासून आला असावा, असे काही अभ्यासक मानतात. शाहबाझगढीच्या शिलालेखात तर त्याचे रूप 'प्रषंड' असेच आहे. तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्री आपल्या मुलाला, गौतमीपुत्र सातकर्णीला, 'एकबम्हण', म्हणजे अद्वितीय ब्राह्मण, म्हणून गौरवते आणि ते लेणे भदावनीय या बौद्ध शाखेच्या भिक्षूंच्या संघाला देते. त्यात तिला कुठे विसंगती वाटल्याचे दिसत नाही.

ढोंग्यासाठी मराठीत शब्दांचा तुटवडा नाही. ढोंगी, दांभिक, भोंदू, बकध्यानी, हवा तो घ्यावा. ज्याने चारचौघांत, वडिलांच्या दहाव्याला, टोमणे ऐकावे लागतील हे माहीत असूनही आपले मत सांगितले, त्याच्यावर मात्र यांतला एकही शब्द बसत नाही, कारण ढोंग करायचे असते तर पिंड हातात घेऊन दहा मिनिटे बसणे त्याला सर्वांत सोपे होते.

त्या दिवशी मी गप्प बसलो, याची खंत होती. म्हणून रविवारी काकांकडे जाऊन हे सगळे सांगितले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि विचारले, "मग त्याला म्हणायचे तरी काय?"

मी म्हटले, "काका, नास्तिक म्हणा. तो स्वतःला तेच म्हणवतो."